पणबाईंचा खाटेचा तास

माझी थोरली नणंद परिचारिकांच्या शाळेत शिकवते. घरात ती आम्हा सगळ्यांची ताई, पण शाळेतल्या मुली तिला पाठीमागे पणबाई म्हणतात. कुणी काहीही उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं तरी, ती चष्मा कपाळावर चढवते आणि म्हणते, "बरं. पण?" एवढंच. पुढचं ज्याचं त्याने शोधायचं. सासूबाई सांगायच्या, "लहानपणी हिला भूक लागली का विचारलं तरी कार्टी आधी विचारात पडायची. लग्नाचा विषय काढला तेव्हा जे 'पण' म्हणाली, ते अजून संपलेलं नाही."

ताईने लग्न केलं नाही. तरुणपणी वॉर्डात उभ्याने राबली, पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शिकवायला गेली. राहायला आमच्याकडेच, मागच्या खोलीत. सकाळी मी प्रार्थनेला बसते तेव्हा ती दाराशी उभी राहून चहा पिते. देवावर तिचा विश्वास आहे की नाही ते मी कधी विचारलं नाही. एकदा आपणहून म्हणाली होती, "वहिनी, तू बोलत राहा त्याच्याशी. माझी नि त्याची वॉर्डात पुष्कळदा गाठ पडली आहे, पण बोलणं झालं नाही."

पट्ट्या बांधणं, सुई देणं, ताप बघणं शिकवणारे त्या शाळेत बरेच आहेत. ताईचा विषय वेगळा. आजारी माणूस औषध नको म्हणतो आणि घरचे म्हणतात दुधात कालवून द्या, तेव्हा काय करायचं? सोबतच्या परिचारिकेने चुकीची गोळी दिली, रुग्णाला काही झालं नाही, कुणाला कळलंही नाही, तेव्हा काय करायचं? पुस्तकात या विषयाला नीतिशास्त्र असं भारदस्त नाव आहे. मुली त्याला खाटेचा तास म्हणतात.

त्याचं कारण असं. प्रात्यक्षिकाच्या खोलीत एक लोखंडी खाट आहे. तिच्यावर शिकवण्यासाठी केलेला माणसाएवढा पुतळा झोपलेला असतो, नाकाचा रंग उडालेला. ताई त्याला उचलून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवते आणि त्याच्या जागी एका मुलीला झोपवते, गळ्यापर्यंत चादर ओढून. मग दोघीतिघींना नातेवाईक करते, एकीला परिचारिका करते आणि प्रसंग सांगते. त्यांनी खाटेभोवती उभं राहून काय ते ठरवायचं. नियम एकच. खाटेवरच्या मुलीने, तिला कुणी विचारल्याशिवाय, तोंड उघडायचं नाही. मुली तावातावाने भांडतात, मुलगा म्हणून, सून म्हणून, सिस्टर म्हणून. तास संपत येतो. आणि झोपलेली तशीच छताकडे बघत असते, कारण तिच्याशी बोलायचं कुणाला सुचलेलंच नसतं.

हे सगळं मला ठाऊक झालं ते सासूबाईंच्या दुखण्यामुळे. शाळेच्या आवारातच इस्पितळ आहे. सासूबाईंना तिथे ठेवलं, तेव्हापासून मी दुपारचा डबा घेऊन जायची. एक डबा त्यांचा, एक ताईचा. ताईचा तास चालू असला की मी खिडकीखालच्या बाकावर बसून राहायची. आत चाललेलं सगळं ऐकू यायचं.

सासूबाईंच्या पोटात गाठ होती आणि ती काढून टाकण्याच्या पलीकडे गेली होती. डॉक्टरांनी हे आम्हा तिघांना जिन्याजवळ उभं करून सांगितलं. आमच्या ह्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"आईला कळता कामा नये. अल्सर आहे म्हणून सांगायचं. कळलं तर ती धसक्यानेच जाईल. ताई, तू पण काही बोलायचं नाहीस. शपथ आहे तुला माझी."

डॉक्टर म्हणाले, "मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"ती कशाला विचारतेय?" हे म्हणाले.

ताई म्हणाली, "बरं." त्याच्यापुढे काहीच म्हणाली नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

त्यानंतर डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी हे आईच्या उशाशी जातीने हजर राहू लागले. सासूबाईंनी तोंड उघडायच्या आत हेच बोलायचे. "झोप चांगली लागली डॉक्टर, जेवणही जातंय थोडं, बाकी ठीक." सासूबाई एकदा मला म्हणाल्या, "सूनबाई, आजारी मी आहे की हा?" मी हसले आणि उशी सारखी केली. देवाजवळ त्या दिवसांत मी काय मागत होते? तर आमचं बोलणं उघडं पडू नये एवढंच. आता लिहिताना विचित्र वाटतं.

अशाच एका दुपारी मी बाकावर बसले होते. आत ताईचा आवाज आला.

"एक म्हातारी बाई आहे. पोटात गाठ, उपाय उरलेला नाही. डोकं मात्र शाबूत आहे. मुलगा म्हणतो, तिला सांगायचं नाही. मुलगी गप्प आहे. तुम्ही त्या वॉर्डातल्या सिस्टर. काय कराल?"

माझ्या मांडीवरचा डबा घसरता घसरता राहिला. ताई आमच्या घरची गोष्ट त्या मुलींपुढे टाकत होती. नाव घेतलं नव्हतं, गाव घेतलं नव्हतं, पण बाकी सगळं जसंच्या तसं. मुलगी गप्प आहे, हेसुद्धा.

त्या दिवशी खाटेवर झोपली होती ती एक सावकाश बोलणारी मुलगी. वर्गात तिला गोगलगाय म्हणत. मुलगा झालेली मुलगी मोठ्याने म्हणत होती, "माझी आई आहे, मी ठरवणार!" दुसरी म्हणाली, "मुलगी गप्प का आहे पण? तिला काय वाटतं?" ताई म्हणाली, "मुलीचं सोडा. तुमचं सांगा." मग पुन्हा वादावादी. शेवटी घंटा व्हायला आली तेव्हा ताईने गोगलगायीला उठवून विचारलं, "तुला काय वाटत होतं गं पडल्या पडल्या?"

ती आधी चादरीची घडी घालायला लागली. मुली हसल्या. मग म्हणाली, "मॅडम, मला वाटलं मी आधीच गेले आहे. सगळे माझ्यामागे जमून बोलताहेत."

कुणीच हसलं नाही. ताईने विचारलं, "मग सिस्टरने काय करायला हवं होतं?"

"सांगायचं काम तिचं नसेल कदाचित. पण मी विचारलं असतं, तर तिने मला खोटं सांगायला नको होतं. आणि ज्याचं काम आहे त्याला बोलावून आणायला हवं होतं."

मी ताईच्या "पण?"ची वाट बघत होते. ताई म्हणाली, "बस खाली." आणि बाहेर आली ती माझ्याकडे न बघता डबा घेऊन गेली.

पुढे त्या वर्गाच्या मुलींची वॉर्डात पाळी लागली. गोगलगायीच्या वाट्याला नेमका सासूबाईंचा वॉर्ड आला. एका सकाळी ती त्यांचं अंग पुसायला आली. खाटेभोवती पडदा ओढला होता आणि मी पडद्याच्या अलीकडे, कपाटात धुतलेले कपडे लावत होते. पाणी पिळल्याचा आवाज येत होता.

सासूबाई म्हणाल्या, "हात हलका आहे तुझा. आईची सेवा केलेली दिसतेस."

"आजीची केली."

"गेली?"

"हो."

थोडा वेळ नुसतं पाणी वाजलं. मग सासूबाई अगदी साध्या आवाजात, मीठ जास्त झालंय का विचारावं तशा म्हणाल्या, "मला काय झालंय ते तुला ठाऊक आहे ना?"

माझे हात थांबले. आत जावं, काहीतरी बोलून विषय मोडावा, असं वाटलं. पण मी कपाटाशीच राहिले.

गोगलगाय म्हणाली, "ठाऊक आहे आजी. पण मी शिकाऊ आहे. ते सांगण्याचा अधिकार माझा नाही."

"अल्सर आहे म्हणतात सगळे."

पुन्हा कापड पिळल्याचा आवाज आला. "मी तसं म्हणणार नाही, आजी. तुम्हाला जाणून घ्यायचं असेल तर मी मोठ्या सिस्टरना सांगते. त्या डॉक्टरांना बोलावतील."

सासूबाई म्हणाल्या, "बरं. पाठ राहिली आहे, तेवढी पुसून दे. मग जा आणि बोलाव."

डॉक्टर आले. सासूबाईंनी मला बाहेर पाठवलं, मोठ्या सिस्टरना थांबवून घेतलं. बाहेर पडताना मी एवढंच ऐकलं, "डॉक्टर, माझा मुलगा यायच्या आत बोलून घेऊ."

हे आले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. झोपल्या नव्हत्या, पण कुणाशी बोलल्याही नाहीत. जेवल्या नाहीत. ते बघून, आणि पडद्याआडचं बोलणं माझ्याकडून ऐकून, ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी आल्यावर ताट तसंच ठेवून हे ताईला म्हणाले, "काय शिकवता गं तुम्ही त्या पोरींना? काल आलेली पोर, आणि माझ्या आईला मरणाची चिठ्ठी देऊन मोकळी!"

ताई म्हणाली, "बाळ्या, तिने काहीच सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं."

"'मी तसं म्हणणार नाही' म्हणे! आंधळ्यालासुद्धा कळेल त्याचा अर्थ. नावाची गोगलगाय, गोगलगाय नि पोटात पाय! तिला शाळेतून काढायला लावतो की नाही बघ."

मिशा पिकलेल्या माणसाला बाळ्या म्हटलं की एरवी मला हसू येतं. त्या दिवशी आलं नाही. ती मुलगी पहिल्या वर्षाची होती. पहिल्या वर्षाच्या मुलींची जागा कच्ची असते, तक्रार आली आणि खरी ठरली तर नाव कमी करतात. शिकाऊ मुलीने रुग्णाशी त्याच्या आजाराबद्दल बोलायचं नाही, असा शाळेचा लेखी नियमही होता. ह्यांनी दुसऱ्या दिवशी तक्रार नेऊन दिली.

प्राचार्याबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर हिरवी काच, काचेखाली मुलींच्या जुन्या तुकड्यांचे फोटो. एका बाजूला हे आणि मी, समोर ताई, आणि टेबलाच्या टोकाला गोगलगाय, उभी. पांढरा गणवेश इतका कडक इस्त्रीचा की आतली मुलगी आणखीनच बारीक दिसत होती. हात तिने मागे धरले होते.

प्राचार्याबाईंनी मला विचारलं, कारण पडद्याशी मी होते. मी ह्यांच्याकडे न बघता, जे ऐकलं ते शब्दाला शब्द सांगितलं. आमचे हे एकदाच हळू म्हणाले, "तू कुणाच्या बाजूची?" मी म्हटलं, "आईंच्या."

मग प्राचार्याबाईंनी मुलीला विचारलं, "नियम माहीत होता?"

"हो."

"मग 'मला ठाऊक नाही' एवढं म्हणायचं. प्रश्न मिटला असता."

"मला ठाऊक होतं, मॅडम."

"असं बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मुलगी टेबलाच्या काचेकडे बघत म्हणाली, "कुणी नाही."

तिला सगळं कळलेलं होतं. सासूबाईंच्या खाटेशी रोज ताईला बघून, वर्गातली म्हातारी कोण ते ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? तिने एक शब्द उच्चारला असता तर अर्धा बोजा ताईवर पडला असता. तो उच्चारायला ती तयार नव्हती. आणि ताई गप्प बसली असती, तर त्या खोलीतून आपली प्रतिष्ठा घेऊन तशीच्या तशी बाहेर पडली असती. मी मनात देवाचं नाव घेत होते, आणि या वेळी काय मागायचं तेच सुचत नव्हतं.

ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ती खोटं बोलतेय," ती म्हणाली. "एवढं एकच खोटं बोलली आहे, तेही माझ्यासाठी. तिला मी सांगितलं होतं. म्हणजे शिकवलं होतं, या प्रसंगासकट. माझ्या आईचा आजार मी वर्गात उदाहरण म्हणून मांडला. आईला न विचारता, भावाला न सांगता. मला घरी जे बोलायचं धैर्य झालं नाही ते मी या पोरींच्या तोंडून ऐकून घेत होते. हिने माझ्या वर्गात उत्तर दिलं, मी त्याला हरकत घेतली नाही, आणि वॉर्डात ती त्याप्रमाणे वागली. रुग्णाची गोष्ट बाहेर नेली ती मी. नियम मी मोडला."

हे खुर्चीतून अर्धे उठले. "तू आईला वर्गात नेलीस? पोरीसोरींसमोर?"

"हो रे."

"आणि मला शपथेवर 'बरं' म्हणालीस?"

"तेव्हाच 'पण' म्हणायला हवं होतं," ताई म्हणाली. "घशाशी आलं होतं. तू रडशील अशी भीती वाटली."

प्राचार्याबाईंनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. मग ह्यांना म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं काय ते मी बघेन. राहिली मुलीविरुद्धची तक्रार. ती तुम्ही तुमच्या नावाने दिली आहे. रुग्ण शुद्धीवर असेल, बोलू शकत असेल, तर तिच्याशी कोण कसं वागलं याची तक्रार आम्ही तिच्याकडूनच घेतो. तुम्ही आईंना विचारा. त्या म्हणाल्या की त्यांच्यावर अन्याय झाला, तर मी या मुलीचं नाव कमी करेन."

म्हणजे ज्या विषयावर आईशी बोलायचं नाही म्हणून इतका खटाटोप केला, तोच विषय ह्यांना आईपुढे काढावा लागणार होता.

वॉर्डाच्या दारापर्यंत हे झपझप आले, आणि तिथे थबकले. आत जाईनात. मला म्हणाले, "तू विचार." मी म्हटलं, "तक्रार तुमची आहे." बाहेरच्या बाकावर बसले, उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी आतूनच हाक आली. सासूबाई उठून बसल्या होत्या.

"आत ये. तिथे बसून किती वेळ बूट बघणार आहेस?"

हे आत गेले. खाटेच्या कडेला बसले आणि चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. मग एकदम म्हणाले, "आई, त्या पोरीने तुला जे सांगितलं..."

"तिने काय सांगितलं? काहीच नाही. खोटं तेवढं बोलली नाही."

"तू दिवसभर जेवली नाहीस. भिंतीकडे तोंड करून पडलीस."

"मग काय नाचू? मरणार म्हटल्यावर माणसाने एक दिवस भिंतीकडे बघायचं नाही?" त्या थोडं थांबल्या. दम लागत होता. "मला दोन महिन्यांपासून कळत होतं रे. अंग माझं आहे. तुम्ही सगळे इतकं हसत होता, म्हटलं आता विचारलं तर पोराला वाईट वाटेल. तू मला सांभाळत होतास, मी तुला सांभाळत होते. आणि दोघंही एकटे. त्या पोरीला काढलंत, तर मला इथे एक तरी माणूस ठेवाल का, ज्याला काही विचारता येईल?"

आमचे हे आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मी पडदा ओढून घेतला आणि बाहेर येऊन उभी राहिले. जिन्यात ताई होती. आत जाऊ का, असं तिने नजरेनेच विचारलं. मी म्हटलं, "थोड्या वेळाने."

तक्रार ह्यांनी मागे घेतली. गोगलगायीची जागा राहिली. ताईकडून मात्र प्राचार्याबाईंनी तो विषय वर्षअखेरपर्यंत काढून घेतला आणि तिला पट्ट्या बांधायला शिकवायचं काम दिलं. ताईने हूं की चूं केलं नाही. मी म्हटलं, "अन्याय झाला तुझ्यावर." ती म्हणाली, "नाही वहिनी. जी गोष्ट कुणी विश्वासाने माझ्या कानात सांगितली, ती मी विकायची भांडी मांडावीत तशी रस्त्यावर मांडली. हेतू चांगला होता म्हणून काय झालं?"

सासूबाईंनी घरी यायचं ठरवलं. त्यांनीच ठरवलं. खिडकीजवळची जागा त्यांनीच निवडली. भेटायला कुणाला बोलवायचं आणि कुणाला मुळीच नाही, तेही सांगितलं. दुसऱ्या यादीत ह्यांचे एक मामा होते. "तो येऊन रडेल, मग मला त्याची समजूत घालत बसावी लागेल. मला वेळ नाही."

ताई त्यांचं सगळं हाताने करायची. अंग पुसायची, कूस बदलायची. आणि एवढं करून काहीतरी तिच्या मनात अडकलेलं आहे हे मला दिसत होतं. एका संध्याकाळी सासूबाईंच्या पायाला तेल लावता लावता ती म्हणाली,

"आई, मला क्षमा मागायची आहे."

"माग."

"तुला न विचारता तुझी गोष्ट मी वर्गात सांगितली."

"बाळ्याने सांगितलं मला. चहाडखोर आहे तो लहानपणापासून." सासूबाई डोळे मिटूनच बोलत होत्या. "केली क्षमा. पुढे?"

ताई तेलाची वाटी हातात धरून तशीच बसली. "पुढच्या वर्षी तो तास मला परत मिळेल कदाचित. तेव्हा मुलींना हे सगळं सांगायचं आहे. घडलं तसं. माझी चूक धरून. तुझी ना असेल तर कधीही सांगणार नाही. सांगू का?"

मी तिथेच देवाजवळ बसले होते. सासूबाईंनी डोळे उघडून लेकीकडे बघितलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "पण म्हातारी फार धीराची होती, शांतपणे ऐकून घेतलं, असलं काही सांगू नकोस. डॉक्टर बोलत होते तेव्हा मी त्या मोठ्या सिस्टरचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या हातावर वळ उठले. मी घाबरले होते. अजूनही घाबरते. तेही सांग."

"सांगेन," ताई म्हणाली, आणि दुसरा पाय हातात घेतला.